पंचहौदची मंडळी

मराठी वाचकाला पंचहौद मिशनचे नाव ठाऊक असते ते एका चहामुळे. १४ ऑक्टोबर १८९० या दिवशी पुण्यातील चाळीस-पन्नास प्रतिष्ठित गृहस्थ मिशनच्या जागेत जमले. न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक, गोपाळ कृष्ण गोखले अशी मातब्बर नावे त्यांत होती. व्याख्यान झाले, नंतर चहा आणि बिस्किटे समोर आली. कोणी चहा घेतला, कोणी पेला नुसता हाती धरला, कोणी तसाच बाजूला ठेवला. हा सारा घाट घालणारे गोपाळराव जोशी (डॉ. आनंदीबाईंचे पती) यांनी उपस्थितांच्या नावांची यादी ‘पुणे वैभव’ या सनातनी मताच्या पत्राकडे पोचती केली आणि शहरात ग्रामण्य उभे राहिले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशीसाठी शास्त्री नेमले गेले, प्रायश्चित्तांच्या प्रती ठरल्या. टिळकांनी काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे सांगून शास्त्राधारे आपली बाजू लढवली. रानड्यांनी १८९२ साली मित्रांच्या सोयीसाठी प्रायश्चित्त घेतले आणि सुधारकांचा रोष ओढवून घेतला.

ही कथा आपल्याकडे शंभर वेळा तरी सांगितली गेली आहे. रमाबाई रानड्यांच्या आठवणींत ती येते, टिळकांच्या प्रत्येक चरित्रात येते, संमतिवयाच्या वादाची पूर्वपीठिका म्हणून इतिहासाच्या पुस्तकांत येते. पण या सगळ्या कथनांत एक पात्र मूक राहते, आणि ते पात्र म्हणजे यजमान. चहा कोणाच्या घरी प्यायला गेला? ज्यांच्या भांड्याला ओठ लावल्याने माणूस बाटतो असे ठरले, ती माणसे कोण होती, कोठून आली होती, चहा विसरला गेल्यावर त्यांचे पुढे काय झाले? पंचहौदच्या आवारात एक मंडळी (मराठी ख्रिस्ती लोक आपल्या उपासक समुदायाला हाच जुना, घरगुती शब्द वापरतात) या प्रसंगाआधीपासून नांदत होती आणि आजही नांदते आहे. पुण्याच्या इतिहासात तिला मिळालेली जागा मात्र बशीएवढीच आहे.

गुरुवार पेठेचे जुने नाव वेताळ पेठ. पेशवाईत वसलेली ही पेठ शहराच्या पूर्व अंगाला येते. शनिवार, नारायण, सदाशिव या ब्राह्मणी पेठांपासून ती फार दूर नसली तरी तिची वस्ती आणि वळण निराळे. पाच हौदांवरून इथल्या जागेला पंचहौद हे नाव पडले. लागूनच गंज पेठ आहे, आणि तिथे जोतीराव फुल्यांचा वाडा. ज्या हौदाचे पाणी जोतीरावांनी १८६८ साली अस्पृश्यांना खुले केले तो याच वाड्यातला. पाणी कोणी भरावे आणि कोणाच्या हातचे प्यावे हा प्रश्न या परिसरात चहाच्या कितीतरी आधीपासून पेटलेला होता, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

पुण्याला ख्रिस्ती धर्म इंग्रजांबरोबर आला ही सर्वसाधारण समजूतही तपासून घ्यायला हवी. नाना पेठेतील ‘सिटी चर्च’ची स्थापना १७९२ची आहे. पेशव्यांच्या फौजेत गोव्याकडचे कॅथलिक अधिकारी व शिपाई होते, त्यांच्या उपासनेसाठी सवाई माधवरावांच्या सरकारने ती जागा दिली. शनिवारवाड्यात पेशव्यांची गादी असताना शहरात लॅटिन भाषेत मिस्सा होत होती, आणि त्यामुळे धर्म बुडाल्याची ओरड कोणी केली नव्हती. ख्रिस्ती शिपाई चालत होता. पुढल्या शतकात ख्रिस्ती झालेला शेजारी चालेनासा झाला. फरक श्रद्धेपेक्षा जातीच्या चौकटीचा होता. गोव्याचा शिपाई बाहेरून आलेला परका होता. बाप्तिस्मा घेतलेला पुणेकर ही चौकट आतून मोडत होता.

इंग्रजी अमलात दोन पुणी तयार झाली, कॅम्प आणि शहर. कॅम्पात पलटणीसाठी सेंट मेरीज चर्च १८२५च्या सुमारास उभे राहिले. त्यातले धर्मगुरू सरकारी पगारी होते आणि त्यांचे कर्तव्य गोऱ्या सैनिकांपुरते होते. शहरात स्कॉटिश मिशनऱ्यांनी शाळा काढल्या. जोतीराव त्यांच्याच शाळेत शिकले, आणि ‘यमुनापर्यटन’कार बाबा पदमनजी १८६७ पासून काही वर्षे त्यांच्याच पुण्यातील मंडळीचे पाळक होते. हे सगळे वळण प्रेस्बिटेरियन होते, म्हणजे साधी उपासना, लांब प्रवचन, शाळा, छापखाना आणि वादविवाद. पंचहौदला जे आले ते याहून फार वेगळे होते.

१८७०च्या दशकाच्या उत्तरार्धात ऑक्सफर्डजवळील काउली येथील सेंट जॉन द इव्हँजेलिस्ट संघाचे व्रतस्थ धर्मगुरू आणि वाँटेज येथील सेंट मेरी संघाच्या भगिनी पुण्यात आल्या. काउलीचा संघ रिचर्ड म्यूक्स बेन्सन यांनी १८६६ मध्ये स्थापला होता. हे लोक अँग्लिकन होते, पण ऑक्सफर्ड चळवळीने घडवलेले. ब्रह्मचर्य, दारिद्र्य आणि आज्ञापालन या तीन व्रतांनी बांधलेले, दिवसातून ठरल्या वेळी प्रार्थना म्हणणारे, उदबत्तीसारखा धूप, मेणबत्त्या, भरजरी वस्त्रे आणि गायन यांनी उपासना सजवणारे. इंग्लंडमध्ये याच गोष्टी ‘पोपगिरी’ म्हणून निंद्य ठरत होत्या. १८७४ मध्ये पार्लमेंटने असल्या विधींना आळा घालण्यासाठी कायदाच केला. ज्यांच्यावर मायदेशी कर्मकांडाचा आरोप होत होता, ते कर्मकांडाच्या माहेरघरी, म्हणजे पुण्यात, येऊन राहिले, या योगायोगाची गंमत वाटल्यावाचून राहत नाही.

त्यांना मुंबईचे बिशप लुई जॉर्ज माइल्न (कारकीर्द १८७६ ते १८९७) यांचा आधार होता. माइल्न यांनी पुढे १९०८ मध्ये ‘मिशन्स टू हिंदूज’ हे पुस्तक लिहिले. त्यातील मुख्य प्रतिपादन असे की, गावोगाव फिरून उपदेशाचे बी उधळल्याने काही साधत नाही. एका ठिकाणी ठाण मांडून, शाळा, वसतिगृह, उपासना आणि शिस्त यांतून पिढ्यान्‌पिढ्या एक लहानसा समाज घडवावा, हाच टिकाऊ मार्ग. पंचहौद हे या विचाराचे जवळजवळ आदर्श उदाहरण म्हणता येईल. एक आवार, त्यात मंदिर, धर्मगुरूंचे निवासस्थान, भगिनींचा मठ, मुलामुलींच्या शाळा आणि वसतिगृहे. मराठी ख्रिस्ती घरांत आजही ‘कंपाउंड’ या शब्दाला जो अर्थ आहे तो अशाच आवारांतून आला. त्यात सुरक्षितता होती आणि परावलंबनही होते. ज्याला जातीने, भावकीने, गावाने टाकले त्याला कंपाउंडने छप्पर दिले. पण छप्पर देणाऱ्याची मर्जीही त्याबरोबर आली. माइल्नसाहेबांच्या पुस्तकात या दुसऱ्या बाजूची जाणीव फारशी नाही.

या मिशनशी जोडलेले सर्वांत विलक्षण व्यक्तिमत्त्व म्हणजे नीलकंठशास्त्री गोरे, धर्मांतरानंतरचे फादर नेहेम्या गोरे. जन्म १८२५, बुंदेलखंडातील कोकणस्थ ब्राह्मण घराणे, वास्तव्य आणि अध्ययन काशीस. तरुणपणी त्यांनी ख्रिस्ती मताच्या खंडनासाठी ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ हा संस्कृत ग्रंथ लिहिला. ज्याचे खंडन करायचे ते नीट वाचले पाहिजे, म्हणून वाचत गेले आणि १४ मार्च १८४८ रोजी जौनपूरला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे ‘षड्दर्शनदर्पण’ या हिंदी ग्रंथात त्यांनी सहा दर्शनांची चिकित्सा केली. त्याचे इंग्रजी भाषांतर १८६२ मध्ये निघाले. पण गोऱ्यांचे मन कुठेच निवांत टेकले नाही. एका शंकेचे निरसन होते तोच दुसरी उभी राहायची. १८७६ मध्ये ते काउलीच्या संघात नवदीक्षित म्हणून दाखल झाले आणि त्यानंतरच्या वर्षांत पुणे, अहमदनगर, पंढरपूर असा त्यांचा वावर राहिला. कमालीची साधी राहणी, जेवणाखाण्याची उदासीनता, अंगावर जाडेभरडे वस्त्र आणि अखंड शास्त्रविचार. त्यांना पाहणाऱ्या हिंदूंना त्यांच्यात संन्यासीच दिसत असला पाहिजे. २९ ऑक्टोबर १८९५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. (त्यांची कन्या एलन लक्ष्मी हिला इंग्लंडात एका इंग्रज कुटुंबाने वाढवले, तिने रचलेली इंग्रजी स्तोत्रे तिकडच्या मंडळ्यांत आवडीने गायली गेली. बाप मराठी-संस्कृतात वाद घालतो आहे आणि लेक इंग्रजीत भजने रचते आहे, असे हे घर.)

१८८५ साली पंचहौदच्या आवारात ‘होली नेम’ चर्च उभे राहिले. ‘पवित्र नाम’ हे शीर्षक ज्यांनी निवडले त्यांच्या मनात येशूच्या नामाची पाश्चात्त्य भक्तिपरंपरा होती. तरीही नामस्मरणावर पोसलेल्या मराठी मुलुखात या नावाला जो आपसूक अर्थ लाभतो तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. चर्चपासून अलग, इटलीकडच्या धर्तीवर बांधलेला उंच घंटाघराचा मनोरा नंतरचा, १८९०च्या दशकातला. त्यातील आठ घंटा इंग्लंडमधील लफबरो येथील टेलर यांच्या कारखान्यात ओतलेल्या आहेत. इंग्रजी रिवाजाप्रमाणे या घंटा दोर ओढून, गणिती क्रमाने, एकामागून एक वाजवायच्या असतात. त्यात एक माणूस चुकला की सगळा क्रम कोलमडतो. भारतात अशा पद्धतीने टांगलेल्या घंटांचे मनोरे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत, मुंबईच्या कुलाब्यातील अफगाण चर्च त्यांपैकी एक. पेठेतल्या कौलारू वाड्यांवरून हा आवाज पहिल्यांदा गेला तेव्हा शेजाऱ्यापाजाऱ्यांना काय वाटले असेल? मशिदीची बांग, देवळाची घंटा, रात्रीच्या कीर्तनातले टाळ हे आवाज ओळखीचे होते. हा आवाज मात्र सरळसरळ साहेबाच्या देशातला होता. मनोऱ्याची उंची आणि घंटांचा नाद यांत राज्यकर्त्यांचा तोरा होताच, तो नाकारण्यात अर्थ नाही. पण त्या घंटा ऐकून उपासनेला येणारी माणसे राज्यकर्ती नव्हती.

पंडिता रमाबाईंचा या मंडळीशी आलेला संबंध पुणेकरांना अधिक झोंबला. १८८२ च्या उन्हाळ्यात रमाबाई पुण्यात आल्या, आर्य महिला समाज स्थापला, हंटर आयोगापुढे साक्ष दिली, ‘स्त्रीधर्मनीति’ लिहिले. पुण्याच्या सुधारकांना त्यांच्यात आपली गार्गी सापडली होती. त्याच वेळी पंचहौदच्या भगिनींकडून त्यांना इंग्रजीचे आणि ख्रिस्ती शास्त्राचे धडे मिळत होते. फादर गोऱ्यांशी त्यांचे बोलणे होत होते. धर्म सोडायचा नाही असे म्हणून त्या १८८३ मध्ये वैद्यकीय शिक्षणाच्या इच्छेने वाँटेजला गेल्या. बरोबरच्या आनंदीबाई भगत यांनी तिथे आत्महत्या केली. त्या धक्क्यानंतर काही काळातच, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, रमाबाईंनी मुलगी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. आपल्या मतपरिवर्तनात गोऱ्यांच्या विचारांचा वाटा मोठा होता, असे त्यांनी पुढे स्वतःच्या साक्षीत नमूद केले आहे. एका कोकणस्थ शास्त्र्याने एका शास्त्रीकन्येला पटवून द्यावे, आणि तेही वेदान्ताच्या परिभाषेत, हा संवाद मिशनऱ्यांच्या बाजारातल्या व्याख्यानांपेक्षा किती वेगळ्या पातळीवरचा होता!

पुणे खवळले. रमाबाईंच्या बाजूने उभे राहिले ते गंज पेठेतले शेजारी. जोतीरावांनी १८८५ मध्ये ‘सत्सार’च्या अंकांतून या विषयाची चर्चा केली आणि टीकाकारांना खडसावले. जोतीराव स्वतः ख्रिस्ती झाले नाहीत. एकाच कुटुंबात निरनिराळ्या धर्मांची माणसे गोडीगुलाबीने राहू शकतील अशी कल्पना मांडणाऱ्या माणसाला एका धर्माचे कुंपण मानवणे शक्य नव्हते. पण ज्या समाजात स्त्रीला वेदाचा अधिकार नाही तिथल्या विदुषीने तो समाज सोडला तर दोष कोणाचा, हा त्यांचा सवाल बिनतोड होता.

दुसऱ्या बाजूने, रमाबाई पंचहौदच्या किंवा वाँटेजच्या मुठीत मावल्या असेही झाले नाही. सिस्टर जेराल्डाइन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार (तो १९७७ मध्ये अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली पुस्तकरूपाने आला) मराठी माणसाने जरूर वाचावा. इंग्लंडमध्ये त्यांनी पुरुषांना शिकवावे की नाही यावर लाहोर आणि मुंबईचे बिशप मत देऊ लागले तेव्हा त्यांनी ते मानले नाही. क्रॉसवरील अक्षरे लॅटिनऐवजी संस्कृतात असावीत, असा त्यांचा आग्रह होता. भटभिक्षुकांचे जू झुगारून आल्यावर बिशपांचे जू कशासाठी वाहायचे, हा त्यांचा सूर जेराल्डाइनबाईंना उद्धटपणाचा वाटला. आज ती पत्रे वाचताना मला त्यांत देशी मंडळीच्या स्वायत्ततेची पहिली स्पष्ट मागणी दिसते. ती मागणी एका स्त्रीने केली आणि तिला ‘गर्विष्ठ’ ठरवले गेले, हेही त्या काळाला धरूनच झाले.

आता पुन्हा १८९० च्या शरद ऋतूकडे वळू. १४ ऑक्टोबरला चहा. २८ नोव्हेंबरला जोतीरावांचा मृत्यू. त्याच नोव्हेंबरात रमाबाईंचे शारदा सदन मुंबईहून पुण्यास आले. पुढच्या जानेवारीत संमतिवयाचे विधेयक मांडले गेले आणि मार्चमध्ये ते संमत झाले. अवघ्या सहा महिन्यांत आणि काही हजार पावलांच्या परिघात हे सारे घडले. चहाचा गाजावाजा का झाला याचे उत्तर या शेजारात आहे. गोपाळराव जोशी हे नाव तरी कोठले? १८८६ मध्ये फिलाडेल्फियाला आनंदीबाईंच्या पदवीदान समारंभाला रमाबाई हजर होत्या, आणि गोपाळरावही तिथेच होते. म्हणजे ग्रामण्याची यादी छापवणारा हा विक्षिप्त गृहस्थ स्वतः समुद्र ओलांडून साहेबाच्या घरचे खाऊन-पिऊन आलेला होता. सुधारकांचे पाणी जोखण्याची त्याला खुमखुमी होती. सुधारकांचे पाणी जोखले गेलेच. पण या जोखण्यासाठी पंचहौदच्या मंडळीचा उपयोग कसोटीच्या दगडासारखा केला गेला, आणि दगडाला काही वाटते का, हे कोणी विचारीत नाही.

कल्पना करा, की आवारातल्या वसतिगृहातील एखादा मुलगा नुकताच मराठी वाचायला शिकला आहे. त्याच्या हाती शहरातले पत्र पडते. त्यात तो वाचतो की, आपल्या शाळेच्या आवारात प्यायलेल्या एका पेल्यासाठी देशातले मोठे विद्वान गोमूत्र आणि पंचगव्याच्या वाटेने शुद्ध होत आहेत. शास्त्री पापाच्या पायऱ्या मोजत आहेत. नुसता पेला हाती घेतला त्याला कमी, ओठाला लावला त्याला जास्त. टिळक आणि रानडे यांच्यातल्या डावपेचांचे रसभरीत वर्णन करणाऱ्या आपल्या लेखकांनी हा वाचक कधी डोळ्यांपुढे आणला नाही. माझ्या मते पंचहौद प्रकरणाचे खरे गांभीर्य तिथे आहे. खटला चाललेल्यांची नावे आपल्याला पाठ आहेत. ज्यांच्या स्पर्शावर खटला चालला त्यांचे एकही नाव आपल्या पाठ्यपुस्तकात नाही.

ही माणसे प्रामुख्याने कोण होती? गोरे आणि रमाबाई यांच्यासारखी धर्मांतरे गाजली, पण ती मोजकीच. १८७६ ते १८७८ च्या महादुष्काळाने दख्खन पोळून निघाली. त्यानंतर अहमदनगर जिल्ह्यातील खेड्यांतून महार-मांग समाजातील कुटुंबांनी अमेरिकन आणि अँग्लिकन मिशनांकडे मोठ्या संख्येने धाव घेतली. पुण्यासारख्या शहरातली मंडळी पुढे वाढली ती याच ओघातून. शिक्षणासाठी, नोकरीसाठी, लग्न होऊन शहरात आलेली माणसे. शिक्षक, परिचारिका, रेल्वेतले आणि कारखान्यांतले कामगार, छापखान्यातले जुळारी. नावे बायबलमधली आणि आडनावे गावाकडची. पोटासाठी धर्म बदलला, हा टोमणा यांच्या वाट्याला आला. दुष्काळात पोट हा क्षुल्लक विषय असतो असे ज्यांना वाटते त्यांनी तो टोमणा खुशाल मारावा. पण भाकरीबरोबर पाटीही मागितली गेली होती हे विसरू नये, आणि पाटी मागणाऱ्याला दुसरे दार त्या काळी फारसे उघडे नव्हते. पर्वतीच्या देवळात प्रवेशासाठी १९२९ साली पुण्यात सत्याग्रह करावा लागला आणि सत्याग्रहींना दगड खावे लागले. त्या आधी चव्वेचाळीस वर्षे गुरुवार पेठेतले एक मंदिर खुले होते. ते बांधणाऱ्यांचे हेतू काहीही असोत, ही नोंद पुसता येत नाही.

अर्थात आत आल्यावर सगळे एका रांगेत बसले, असे मात्र म्हणता यायचे नाही. कॅम्पातल्या चर्चमध्ये साहेब आणि शहरातल्या चर्चमध्ये ‘नेटिव्ह’, ही विभागणी चर्चनेच पाळली. वाँटेजच्या भगिनींची कॅम्पातली सेंट मेरीज शाळा आणि पंचहौदच्या शाळा यांच्यातले अंतर मैलांत मोजण्यासारखे नव्हते. जातही उंबऱ्यावर चपलेसारखी काढून ठेवता आली नाही. लग्नसंबंध जुळवताना ‘मूळचे कोण’ हा प्रश्न अनेक ख्रिस्ती घरांत दबक्या आवाजात पुढेही विचारला जात राहिला. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये सोवळेओवळे, दुसऱ्याच्या हातचे पाणी, स्वतंत्र चूल हे सारे एकेक पदर गळून पडतानाचे जे प्रांजळ चित्रण आहे, ते या संदर्भात पंचहौदच्या ग्रामण्याशेजारी ठेवून वाचावे. एकीकडे एका पेल्यासाठी प्रायश्चित्त, दुसरीकडे एका पेल्यापाशी येईतो बाईने आतल्या आत केलेला कित्येक वर्षांचा प्रवास.

नारायण वामन टिळकांचा पंचहौदशी थेट संबंध नाही. त्यांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये मुंबईत झाला आणि कार्य नगरकडे. पण मराठी मंडळ्यांच्या तोंडी जे गीत आले ते मोठ्या प्रमाणात त्यांचे. इंग्रजी चालीवर ओढूनताणून बसवलेल्या भाषांतरांच्या जागी अभंग आणि ओवी आली, आणि अँग्लिकन असो की अमेरिकन, सगळ्याच पंथांच्या उपासनेचा कान बदलला. १९१७ मध्ये टिळकांनी ‘देवाचा दरबार’ काढला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघांनाही जागा होती. १९१९ मध्ये ते गेले. त्यांचे चरित्र लिहिणारे जे. सी. विन्स्लो हे अँग्लिकन धर्मगुरू. विन्स्लो यांनी १९२२ मध्ये ख्रिस्त सेवा संघ स्थापला आणि काही वर्षांत पुण्यात शिवाजीनगरला आश्रम थाटला. खादी, शाकाहार, जमिनीवर बैठक, देशी-विदेशी सभासदांचे समान जिणे. १९२७ मध्ये व्हेरियर एल्विन याच आश्रमात भारतात प्रथम येऊन राहिले आणि गांधींकडे ओढले गेले. म्हणजे एकाच शहरात, एकाच पंथाची दोन रूपे : गुरुवार पेठेत ऑक्सफर्डहून आणलेला मठ आणि लफबरोहून आणलेल्या घंटा, आणि मुठेच्या पलीकडल्या कुशीत, नव्या वस्तीत, गेरूच्या रंगाचा आश्रम. आश्रमाचे कौतुक इतिहासकारांनी पुष्कळ केले. मला मात्र असे वाटते की, आश्रमातले देशीपण बरेचसे इंग्रजांनी निवडलेले होते. पंचहौदच्या सामान्य मंडळीला जमिनीवर बसण्याचे नवल नव्हते. त्यांना बाके, शाळा आणि पियानो हवे होते, कारण तेच आजवर त्यांना नाकारले गेले होते. देशी होणे ही ज्यांच्यापाशी निवड होती त्यांची हौस निराळी, आणि ज्यांना निवड नव्हती त्यांची निराळी.

स्वातंत्र्यानंतरचा सर्वांत मोठा आघात चर्चच्या भिंतींवर झाला नाही, तो कागदावर झाला. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला गेला. १९५६ मध्ये त्यात शिखांचा आणि १९९० मध्ये बौद्धांचा समावेश झाला. ख्रिस्ती मात्र बाहेरच राहिले. ज्या शेजाऱ्याबरोबर कालपर्यंत एकाच वेशीबाहेर राहत होतो त्याला शिष्यवृत्ती आहे आणि आपल्याला नाही, ही विषमता मराठी ख्रिस्ती घरांत दोन-तीन पिढ्या मुरली. १९५६ नंतर तिला आणखी एक पदर आला. नात्यागोत्यातली उरलेली घरे बाबासाहेबांच्या मागे बौद्ध झाली. त्यांच्या हाती नवी भाषा, नवा अभिमान, नवे राजकारण आले. ख्रिस्ती शाखा त्या प्रवाहातून वेगळी पडली. समाज म्हणतो तू मूळचा कोण हे आम्हाला ठाऊक आहे, आणि सरकार म्हणते तू आता तो नाहीस. २०२२ मध्ये केंद्र सरकारने या प्रश्नासाठी माजी सरन्यायाधीश बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. १८९० मध्ये ज्या स्पर्शाने इतरांना विटाळ होत होता, त्याच स्पर्शाचा पुरावा आज कागदोपत्री मागितला जातो, हा दैवाचा खेळ ग्रामण्य चालवणाऱ्या शास्त्र्यांनाही सुचला नसता.

संस्थात्मक बदल त्या मानाने शांतपणे झाले. १९३० पासून इथले अँग्लिकन चर्च इंग्लंडच्या चर्चपासून कायद्याने अलग झाले. काउलीच्या धर्मगुरूंनी हळूहळू काढता पाय घेतला. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला सहा पंथांच्या मीलनातून ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ जन्मले आणि पंचहौदची मंडळी त्यात सामील झाली. काल ज्यांच्या उपासनेला धूप आणि भरजरी वस्त्रे यांची सवय होती ते, आणि ज्यांना या गोष्टी मूर्तिपूजेच्या मावसबहिणी वाटत होत्या ते, आता एकाच छत्राखाली आले. होली नेम चर्च आज पुणे धर्मप्रांताचे कॅथेड्रल आहे. पाळक मराठी, बिशप भारतीय, आणि ज्या कॅम्पातल्या चर्चमध्ये पूर्वी साहेबांची बाके राखीव होती तीही याच धर्मप्रांतात.

शहर मात्र इतक्या शांतपणे बदलले नाही. २०११ च्या जनगणनेत पुणे महापालिकेची लोकसंख्या ३१ लाखांवर गेली. पेठांतील वाडे पडले आणि त्या जागी इमारती आल्या. घरातली नवी पिढी वानवडी, कोंढवा, वडगाव शेरी, पिंपरी-चिंचवडकडे पांगली. हे सदाशिव पेठेतही झाले आणि गुरुवार पेठेतही. पण देवळाचा भाविक आणि चर्चची मंडळी यांत एक फरक आहे. देऊळ वाटेवरच्या कोणाचेही असते. मंडळी मात्र नोंदवहीत असते. बाप्तिस्मा, विवाह आणि दफन या तीन वह्यांवर ती उभी असते. रविवारी सकाळी उपनगरातून दोन तासांची खेप करून पेठेत यायचे, की घराजवळच्या दुसऱ्या पंथाच्या, दुसऱ्या भाषेच्या प्रार्थनागृहात जायचे, हा प्रश्न आता घरोघरी पडतो. माहिती तंत्रज्ञानाच्या नोकऱ्यांनी तमिळ, तेलुगू, मल्याळी आणि ईशान्येकडचे ख्रिस्ती पुण्यात आणले. त्यांच्या उपासना इंग्रजीत किंवा आपापल्या भाषांत चालतात, त्यांत तरुण अधिक असतात, गिटार असते. इंग्रजी शाळेत शिकलेल्या मराठी ख्रिस्ती मुलाला अभंगाची लय उतरत नाही आणि इंग्रजी गीत लगेच तोंडी बसते. ज्या भाषेसाठी गोरे, पदमनजी, टिळक झिजले, ती भाषा मंडळीत टिकेल की नाही, ही चिंता वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात वारंवार येते. मराठी साहित्याच्या मुख्य प्रवाहाला तिची वार्ताही नाही.

नाताळात आवारात रोषणाई होते, तेव्हा पेठेतली सर्व धर्मांची पोरेबाळे पाहायला येतात. चर्चच्या फलकावर होली नेम कॅथेड्रल लिहिलेले आहे. ते नाव घेऊन रिक्षावाल्याला विचारले तर तो क्षणभर घुटमळतो. पंचहौद म्हटले की लगेच मीटर टाकतो.